कबड्डीपटू मुलाचं कंबर-मांडीचं दुखणं: रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

नायगावची_सुखदा | ८ फेब्रुवारी, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आले, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. शाळेपासून कबड्डी खेळतो, डावा कोपरा. गणपतीच्या आधीपासून त्याच्या मांडीचा मागचा भाग आणि बसायची जागा दुखते आहे. सुरुवातीला सगळ्यांनीच हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावलाय असं सांगितलं. शेकून झालं, बर्फ झाला, टेपिंग झालं, फिजिओथेरपीत मशीन लावून झालं. एक्स-रे काढला, नॉर्मल. कमरेच्या मणक्याचा एमआरआय काढला, तोही नॉर्मल. व्हिटॅमिन डी १४ निघालं म्हणून ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक अशा दिल्या. परत तपासलं तर ३६ झालं होतं, पण दुखणं आहे तिथेच.

मग सांगितलं की पूर्ण विश्रांती द्या. दिवाळीनंतर दीड महिना तो मैदानात गेला नाही. त्या दीड महिन्यात त्रास जास्त वाढला, आणि ह्याचाच अर्थ मला लागत नाही. शेवटच्या डॉक्टरांनी सगळे कागद चाळले आणि म्हणाले, "परीक्षेचं टेन्शन असेल, ह्या वयात होतं." मंडळात काही जण त्याला अंगचोर म्हणायला लागलेत. तो काही बोलत नाही, पण ऐकून घेतो ते मला दिसतं.

पोरगा खोटं बोलत नाही. आता कोणाकडे जाऊ, एवढं सांगा.

जुना_चढाईपटू | ८ फेब्रुवारी, रात्री ११.५२

ताई, मी लालबाग-परळच्या मैदानांवर पंधरा वर्षं घालवली आहेत. दोन्ही मांड्यांचे हॅमस्ट्रिंग फाटून झालेत, म्हणून एकच विचारतो. त्याला दुखायला लागलं तो क्षण आठवतो का?

हॅमस्ट्रिंग गेला की खेळाडूला तारीख-वेळेसकट आठवतं. कुठली चढाई, कोणी पाय धरला, कुठे कळ आली, सगळं. मला १९९८ सालची आजही आठवते. आणि स्नायू फाटला तर विश्रांतीने कमी होतो, हळू होईल पण होतो. दीड महिना बसून वाढलं म्हणता, तर हे स्नायूचं नसावं असं माझं मन सांगतं.

अंगचोर म्हणणाऱ्यांकडे त्याने बघू नये. खाली बसून घोटा धरणारा कोपरा अंगचोर असूच शकत नाही.

लॅबमधला_माणूस | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

सीपीके तपासलंय का? स्नायूला इजा झाली की हे एन्झाइम रक्तात वाढतं. केलं नसेल तर करा, पण एक पथ्य पाळा: रक्त देण्याआधी चार-पाच दिवस तरी सराव, जिम, बैठका सगळं बंद. मॅटवर घाम गाळून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं की निरोगी खेळाडूचंही सीपीके हजारावर जाऊ शकतं. नेहमीची मर्यादा साधारण २००च्या आसपास असते, मग रिपोर्टवरचा तो लाल आकडा बघून घरातले हादरतात. आमच्याकडे मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी असे रिपोर्ट दरवर्षी जानेवारीत येतात.

विश्रांतीनंतरही ते खूप वाढलेलंच राहिलं, किंवा जोराच्या व्यायामानंतर लघवी कोकम सरबतासारखी लाल-तपकिरी झाली, तर मात्र थांबू नका. स्नायू विरघळून त्यातलं प्रथिन लघवीवाटे जात असतं, मूत्रपिंडाला धोका असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

सोबत टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). थायरॉइड मंद असेल तरी अंग आणि स्नायू दुखतात. पण 'संपूर्ण शरीर तपासणी' पॅकेजच्या नादी लागू नका, त्यात ह्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

केळफूल | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

पावसाळ्यात चिकुनगुनिया होऊन गेला होता का? माझ्या दिराला त्यानंतर सहा-सात महिने सांधे धरत होते. महानारायण तेलाने रोज रात्री चोळून बघा, अपाय तर नाही.

धावपटूची_आई | ९ फेब्रुवारी, दुपारी १.२०

सुखदाताई, तुमची अवस्था मी जगले आहे. माझी मुलगी प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर सराव करते, मध्यम पल्ल्याची धावपटू. तिच्या नडग्या आणि पोटऱ्या सतत दुखायच्या, थकवा जायचा नाही. सगळे शूज बदला म्हणत होते. एका क्रीडावैद्यक डॉक्टरांनी शूजकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला, पाळी नियमित आहे का? चार महिने आली नव्हती, आणि सरावाने असं होतंच असं तिला मैत्रिणींनी सांगितलं होतं.

खर्च होणारी ऊर्जा जास्त आणि पोटात जाणारं अन्न कमी, असं महिनोन्महिने चाललं की शरीर एकेक खातं बंद करत जातं. हाडं कमजोर होतात, जखमा भरत नाहीत. ह्याला आता खेळातली सापेक्ष ऊर्जाकमतरता म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यावर २०१४ साली पहिलं निवेदन काढलं आणि त्यात मुलगेही येतात हे स्पष्ट लिहिलं. तुमचा मुलगा वजनी गटासाठी जेवण तोडतो का? वजन उतरलंय का? हे एकदा बघाच.

परळ_ओपीडी | ९ फेब्रुवारी, रात्री १०.१५

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. इथे बसून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यावर मी अडलो: विश्रांतीने वाढलं.

सुखदाताई, रिपोर्ट बाजूला ठेवा. मुलाशेजारी शांतपणे बसा आणि त्याला हे विचारा.

दुखणं दिवसाच्या कुठल्या वेळी सर्वांत जास्त असतं? पहाटे त्याने जाग येते का? सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं असतं का, आणि मोकळं व्हायला किती वेळ लागतो? मॅटवर गरम झाल्यावर वाढतं की कमी होतं? कायम एकाच बाजूला, की कधी उजवीकडे कधी डावीकडे? टाच दुखते का? कधी डोळा लाल होऊन दुखला होता का, उजेड सहन होत नव्हता असा? अंगावर खपल्या धरणारे चट्टे? वारंवार जुलाब, शौचात रक्त? घरात, विशेषतः रक्ताच्या नात्यात, कोणाची कंबर किंवा मान तरुणपणीच ताठ झालेली?

आणि ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ह्यातलं काहीही असेल तर इथे लिहीत बसू नका, उद्याच दाखवा.

नायगावची_सुखदा | १० फेब्रुवारी, रात्री १२.३५

डॉक्टर, तुम्ही विचारलंत तसं आज विचारलं. आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो, तो बराच वेळ बोलला. इतके दिवस सगळ्यांनी त्याला 'कुठे दुखतं' एवढंच विचारलं होतं. 'कधी' कोणी विचारलंच नव्हतं.

पहाटे चार-साडेचारला दुखण्याने जाग येते. मग तो चाळीच्या गॅलरीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, चालल्यावर सुटतं. मला वाटायचं अभ्यासाला उठतो. सकाळी मोजे घालायला खाली वाकता येत नाही, म्हणून पलंगावर आडवा होऊन पाय वर घेऊन घालतो. तासाभराने अंग मोकळं होतं. मैदानात गेलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं त्रास, मग काही नाही. "मॅटवर असतो तेवढाच वेळ मी बरा असतो, आई," असं म्हणाला.

आधी उजवीकडे होतं, डिसेंबरपासून डावीकडे जास्त. टाचा दुखतात, पण त्या शूजमुळे असं तो धरून चालला होता. आणि गेल्या वर्षी त्याचा एक डोळा लाल झाला होता. डोळे आले म्हणून घरी थेंब घातले, पण फक्त एकच डोळा आला होता आणि घरात दुसऱ्या कोणालाही लागण झाली नव्हती.

माझ्या धाकट्या भावाची मान वळत नाही. मागे बघायचं तर सगळा देह वळवतो. तिशीपासून तसं आहे, गिरणीत वजनं उचलून झालं असं आमचे वडील सांगायचे.

वजन कमी झालेलं नाही, ताप नाही. जेवतो व्यवस्थित. चिकुनगुनिया झाला नव्हता.

परळ_ओपीडी | १० फेब्रुवारी, सकाळी ६.५०

तुमच्या पोस्टमध्ये बहुतेक सगळं आलं. आता तुम्हाला संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जायचं आहे, हाडांच्या डॉक्टरांकडे परत नाही.

ह्या प्रकाराला दाहक पाठदुखी म्हणतात. स्नायू ताणल्याने किंवा मणक्यातली चकती सरकल्याने होणारं दुखणं श्रमाने वाढतं, आडवं पडलं की कमी होतं. ह्याचं बरोबर उलटं चालतं: पडून राहिलं की धरतं, हालचालीने सुटतं. चाळिशीच्या आतलं वय, तीन महिन्यांहून जास्त काळ, पहाटेची जाग, सकाळचा ताठरपणा, नितंबात बाजू बदलणारं दुखणं. त्यात टाच, डोळा आणि मामा. ह्या मागे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे मणक्याचे सांधे सुजून हळूहळू ताठ होण्याच्या, गटातला आजार असू शकतो.

दुखणं मांडीत वाटतं, पण मूळ बहुधा मणक्याच्या तळाचं त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचं हाड) आणि कंबरेचं हाड यांच्यामधल्या सांध्यात असतं. त्याला सॅक्रोइलियाक सांधा म्हणतात. तिथली कळ नितंबात आणि मांडीमागे उतरते, म्हणून खेळाडूंमध्ये ती हॅमस्ट्रिंगच्या नावावर सहज खपते. आता तुमचे रिपोर्ट नॉर्मल का आले ते. एमआरआय कमरेच्या मणक्याचा झाला, त्यात हे सांधे नीट येतच नाहीत. सॅक्रोइलियाक सांध्यांचा वेगळा एमआरआय सांगावा लागतो, त्यात हाडाच्या आतली सूज दाखवणारी स्टर नावाची प्रतिमा घ्यायची असते. साध्या एक्स-रेत बदल दिसायला कित्येक वर्षं जातात. मशीन आणि वाचणारे दोघंही बरोबर होते, फक्त कॅमेरा दुसरीकडे रोखलेला होता.

डॉक्टर कदाचित सीआरपी आणि ईएसआर (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि एचएलए-बी२७ (ह्या आजाराशी संबंधित जनुकाची चाचणी) सांगतील. सीआरपी नॉर्मल आलं म्हणून आजार नाही असं होत नाही.

आणखी एक. आपल्या मुंबईत ह्या सांध्याचा आणि मणक्याचा क्षयरोगही दिसतो. तो बहुतेकदा एकाच बाजूला असतो, पण तज्ज्ञ तेही डोक्यात ठेवूनच बघतील. तोपर्यंत कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतो म्हणालं तर घेऊ नका.

फिजिओ_ठाणे | १० फेब्रुवारी, दुपारी ३.४०

इथे थोडा विरोधी सूर लावते, कारण धागा वाचून उद्या दहा जण एचएलए-बी२७ करून येतील.

नितंबात दुखणारा प्रत्येक खेळाडू ह्या आजाराचा नसतो. माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेकांना हॅमस्ट्रिंगच्या स्नायुबंधाचा, जिथे तो बैठकीच्या हाडाला चिकटतो तिथला त्रास असतो. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट मुलांत मणक्याच्या मागच्या कमानीचं ताण-अस्थिभंगही असतं, ते मागे वाकल्यावर दुखतं. धावणाऱ्यांची पोटरी ठरावीक अंतरानंतर दगडासारखी होते आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत सुटते, तो आणखी वेगळा प्रकार, स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढण्याचा. आणि बी२७ तर कितीतरी निरोगी लोकांत सापडतो. नुसता पॉझिटिव्ह आला म्हणून आयुष्यभराचं लेबल लागू नये.

सुखदाताईंच्या मुलाबद्दल मात्र मला डॉक्टरांचं पटतं. डोळ्याचं वाचून तर नक्कीच.

परळ_ओपीडी | १० फेब्रुवारी, रात्री ९.२०

फिजिओताईंशी शंभर टक्के सहमत. बी२७ असलेल्या बहुतेकांना आयुष्यात काहीही होत नाही, आणि तो नसतानाही हा आजार होऊ शकतो. आधी कहाणी, मग तपासणी. लक्षणं जुळत नसतील तर ती चाचणी करूच नका.

मैदानकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

वाचून एकदम माइक आथर्टन आठवला. इंग्लंडचा सलामीवीर, ११५ कसोटी खेळला, बराच काळ कप्तान होता. त्याला हाच आजार होता, पाठीच्या दुखण्यासकट सगळी कारकीर्द काढली. १९९५ साली जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा तासांहून जास्त उभा राहून नाबाद १८५ करून त्याने सामना वाचवला, तो ह्याच पाठीने. ताई, पोराला हे नक्की सांगा.

नायगावची_सुखदा | २ मार्च, रात्री १०.००

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. वेळ मिळायला थोडे दिवस गेले.

संधिवाताच्या डॉक्टरांनी पाऊण तास दिला. त्याला भिंतीला टाच लावून उभं केलं, डोकं भिंतीला टेकतं का पाहिलं. पाठीवर पेनाने दोन खुणा करून वाकायला सांगितलं आणि खुणांमधलं अंतर टेपने मोजलं. छाती फुगवून मोजली. मग एमआरआय. दोन्ही बाजूंच्या सॅक्रोइलियाक सांध्यांत हाडाला सूज आहे, डावीकडे जास्त. बी२७ पॉझिटिव्ह. सीआरपी थोडंसंच वाढलेलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ, क्षयरोगाची त्वचेची चाचणीही निगेटिव्ह.

रोज ठरलेल्या वेळी नॅप्रोक्सेन ही सूज-वेदना कमी करणारी गोळी सुरू केलीय, जेवणानंतर, सोबत पोटाची गोळी. आधी तो दुखलं की एखादी वेदनाशामक घ्यायचा आणि सोडून द्यायचा. आता काही आठवडे नियमित घ्यायची आहे, मध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि रक्तदाब बघायचा. सरावाच्या दिवशी पाणी भरपूर प्यायला बजावलंय.

तिसऱ्या की चौथ्या रात्री तो सहापर्यंत झोपला. मी चारला उठून बघितलं, गॅलरी रिकामी होती. आत येऊन झोपलेल्या पोराकडे बघत बसले.

नाव ऐकून तो घाबरेल असं वाटलं होतं. उलट दवाखान्यातून बाहेर पडल्यावर रस्त्यातच त्याने मंडळाच्या मास्तरांना फोन लावला. "सर, माझ्या दुखण्याला नाव आहे."

भावालाही दाखवायला सांगितलंय. तो ऐकतोय असं दिसतंय.

जुना_चढाईपटू | २ मार्च, रात्री १०.३५

डोळ्यांत पाणी आलं ताई. खेळू देणार का त्याला?

नायगावची_सुखदा | ३ मार्च, सकाळी ७.१०

दादा, हो. डॉक्टर म्हणाले, हाडं जुळून आलेली नाहीत तोवर खेळ सोडण्याचं कारण नाही, बसून राहणं हेच ह्याचं वाईट. मणका ताठ झालेल्या माणसाने मात्र अंगावर पडणारे खेळ टाळायचे, कारण असा मणका मोडण्याची भीती असते. त्याला रोज पाठ आणि छाती मोकळी करणारे व्यायाम, आठवड्यातून जमेल तेव्हा पोहणं, आणि उशी पातळ. बिडी-सिगारेट आयुष्यात नाही, त्याने मणका लवकर जुळतो.

पंच_काका | ३ मार्च, दुपारी १२.४५

एक महत्त्वाचं. मुलगा वरच्या स्पर्धांपर्यंत जाणार असेल तर औषधांचे सगळे कागद जपून ठेवा. नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्यांवर बंदी नाही. स्टेरॉइडचं म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडचं इंजेक्शन मात्र, सांध्यात दिलेलंसुद्धा, २०२२पासून स्पर्धेच्या काळात बंदी यादीत आहे. कधी गरज पडलीच तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, वैद्यकीय सवलतीचा अर्ज करायचा असतो. डॉक्टरांना दर वेळी 'मी स्पर्धक खेळाडू आहे' हे आधी सांगायचं.

धावपटूची_आई | ३ मार्च, दुपारी २.३०

आणि गोळ्यांनी भागलं नाही तर पुढची इंजेक्शनं फार महाग असतात असं ऐकलंय. परवडतात का?

परळ_ओपीडी | ३ मार्च, रात्री ११.०५

पूर्वी आवाक्याबाहेर होती. अडालिमुमॅब ह्या त्यातल्या एका औषधाचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, २०१४ साली भारतातच बाजारात आलं, तेव्हापासून किमती उतरत गेल्या. अजूनही स्वस्त नाहीत, पण गरज कोणाला, किती दिवस, किती अंतराने, हे तज्ज्ञ बघून ठरवतात, आणि बऱ्याच तरुणांचं गोळ्या व व्यायामावर चांगलं चालतं. ह्या औषधांनी दबलेला क्षयरोग उसळू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी सक्तीची. सुखदाताईंकडे ती झाली ते उत्तम.

पोराला एक सांगून ठेवा. डोळा पुन्हा लाल होऊन दुखला तर घरातले थेंब घालायचे नाहीत, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. डोळ्याच्या आतली सूज असू शकते ती, उशीर झाला तर नजरेवर बेतते.

विरार_लोकल | ४ मार्च, सकाळी ६.२५

हा धागा रात्री दोनला वाचून काढला. माझा भाऊ २३ वर्षांचा, पोलीस भरतीसाठी धावतो. अगदी हेच: पहाटे उठून बसतो, धावला की बरा. तीन वर्षं झाली. घरची परिस्थिती बेताची आहे. सरकारी रुग्णालयात कुठल्या खिडकीवर जायचं?

परळ_ओपीडी | ४ मार्च, सकाळी ६.४०

केईएम, नायर, सायन, जे. जे., जे जवळ पडेल तिथे मेडिसिनच्या ओपीडीचा केस पेपर काढा, ऑर्थोचा नको. तिथून संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवतात. आठच्या आत रांगेत उभे राहा. जुन्या एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी आणि फिल्म दोन्ही न्या. आणि भावाला आज रात्रीपासून एका कागदावर लिहायला सांगा: किती वाजता जाग आली, सकाळी किती वेळ आखडलेलं होतं, धावल्यावर काय झालं. तो कागद केस पेपरला टाचून द्या.